५ व्होल्टचे लिमिट सेन्सर आणि २४ व्होल्टचा पीएलसी: इनपुट कायम ऑन का राहतो, जोडणी कशी करावी

प्रश्न थोडक्यात असा आहे. जुन्या परदेशी मशिनमधून निघालेली बॉलस्क्रूची स्लाइड ड्रिलिंगच्या एसपीएमवर (एकाच कामासाठी बनवलेल्या खास मशिनवर) बसवली आहे. तिची मूळ स्टेपर काढून सर्व्हो लावली. स्लाइडवर तीन स्लॉट सेन्सर आहेत, दोन टोकांचे लिमिट आणि एक होम (मोजणी सुरू करायची मूळ जागा दाखवणारा). कनेक्टरवर ५ व्होल्ट, ग्राउंड आणि तीन सिग्नल एवढेच पिन. पीएलसी, म्हणजे मशिन चालवणारा प्रोग्रामेबल कंट्रोलर, मित्सुबिशीचा एफएक्स३यू, इनपुट २४ व्होल्टचे. सिग्नल सरळ एक्स (इनपुट) टर्मिनलला दिले तर इनपुटचा एलईडी कायम पेटलेला राहतो. स्लॉटमधला उजेड अडवणारी पत्री स्लॉटमध्ये घाला किंवा काढा, काही फरक नाही. मग सेन्सरलाच २४ व्होल्ट द्यावेत, मध्ये रिले टाकावा, की सेन्सर बदलावेत? आणि लिमिट पीएलसीला द्यावेत की सर्व्हो मोटर चालवणाऱ्या ड्राइव्हला?

पहिल्या शंकेचं उत्तर लगेच देतो: त्या सेन्सरला २४ व्होल्ट देऊ नका. स्लॉटच्या एका बाजूला इन्फ्रारेड एलईडी आणि समोर फोटोट्रान्झिस्टर असतो. एलईडीच्या मालेत रेझिस्टर असतो आणि तो ५ व्होल्ट धरून निवडलेला असतो. समजा तो २२० ओहमचा आहे. ५ व्होल्टवर एलईडीतून साधारण १७ मिलिअँप जातात. तिथेच २४ दिले की १०० च्या वर जातात, आणि असल्या एलईडीची कमाल मर्यादा बहुधा ५० च्या आसपास असते. काही सेकंद सगळं ठीक वाटतं, मग सेन्सर आंधळा होतो. ‘५ ते २४ व्होल्ट डीसी’ असं अंगावर किंवा डेटाशीटमध्ये स्पष्ट लिहिलेलं असेल तरच २४ द्यायचे.

आता इनपुट कायम ऑन का राहतो ते पाहू, कारण उपाय त्यातूनच निघतो.

तुमचं एस/एस टर्मिनल (सगळ्या इनपुटांचं सामायिक टोक) २४ व्होल्टला जोडलेलं असणार, म्हणजे एनपीएन जोडणी. या जोडणीत करंट पीएलसीच्या आत २४ व्होल्टपासून निघतो, ऑप्टोकपलरच्या (तारेने न जोडता उजेडाने सिग्नल पुढे देणाऱ्या भागाच्या) एलईडीतून एक्स टर्मिनलवर येतो आणि सेन्सरच्या ट्रान्झिस्टरमधून ० व्होल्टला उतरतो. ट्रान्झिस्टर बंद झाला की वाट बंद व्हायला हवी. पण तुमच्या सेन्सरच्या बोर्डवर सिग्नल आणि ५ व्होल्ट यांच्यामध्ये पुल-अप रेझिस्टर असणार, कारण मूळ कंट्रोलरला ५ व्होल्टचं लॉजिक हवं होतं. ट्रान्झिस्टर बंद असतानाही करंटला ही दुसरी वाट मोकळी राहते: २४ व्होल्टपासून एक्समधून पुल-अपमध्ये, तिथून ५ व्होल्टच्या रेलमध्ये (सप्लायच्या लाइनमध्ये). फरक १९ व्होल्टचा. एफएक्स३यूच्या पहिल्या काही इनपुटांचा अंतर्गत रेझिस्टन्स ३.९ किलोओहम आहे. पुल-अप १ किलोओहमचा असेल तर १९ भागिले ४.९, म्हणजे जवळपास ३.९ मिलिअँप. इनपुट ऑन व्हायला ३.५ पुरतात आणि ऑफ व्हायला १.५ च्या खाली यावं लागतं. म्हणजे पत्री असो नसो, पीएलसीच्या दृष्टीने इनपुट ऑनच. पुल-अप १० किलोओहमचा असता तर करंट १.३७ वर आला असता आणि इनपुट जेमतेम ऑफ झाला असता. हा प्रकार जास्त त्रासदायक, कारण टेबलावर चालतो आणि लाइनवर व्होल्टेज २६ झालं की अडकतो.

शिवाय तो करंट ५ व्होल्टच्या रेलमध्ये उलटा घुसतो. तीन सेन्सरांचा मिळून बारा-एक मिलिअँप, आणि त्या रेलवर दुसरा भार नसेल तर ५ चे ६-७ व्होल्ट व्हायला वेळ लागत नाही. सेन्सरांचे एलईडी चालू असताना तेच हा करंट गिळतात म्हणून लगेच लक्षात येत नाही.

यावर मालेत एक डायोड टाकायचा सल्ला बरेच जण देतात. इथे त्याचा उपयोग नाही. सेन्सर ऑन असताना करंट ज्या दिशेने एक्समधून बाहेर येतो, पुल-अपमध्येही त्याच दिशेने जातो. डायोड दोघांनाही सारखाच वाट देतो.

अंदाजावर न जाता खात्री करून घ्या. सप्लाय काढा, कनेक्टर सोडवा, मल्टिमीटर ओहमवर ठेवून सिग्नल आणि ५ व्होल्टचा पिन यांच्यात मोजा. १, ४.७ किंवा १० किलोओहम असं ठोस वाचन आलं तर पुल-अप आहे. मग फक्त ५ व्होल्ट देऊन, पत्री घालून आणि काढून सिग्नलचं व्होल्टेज पाहा. ५ आणि ०.२ च्या आसपास असं दिसलं तरी आउटपुट पुल-अपचा आहे की पुश-पुल (हाय आणि लो दोन्ही स्वतःच जोराने देणारा), हे त्यावरून कळत नाही. त्यासाठी सिग्नल ५ व्होल्टवर असताना तिथून ग्राउंडला १ किलोओहमचा रेझिस्टर लावा. व्होल्टेज अर्ध्यावर आलं तर पुल-अप १ किलोओहमचा. ४ च्या वर टिकून राहिलं तर आत गेट आहे आणि आउटपुट पुश-पुल आहे. पुश-पुल ५ व्होल्टच्या आउटपुटला २४ व्होल्टचा इनपुट सरळ जोडायचाच नाही. एनपीएन जोडणीत २४ व्होल्ट त्या गेटमध्ये ढकलले जातात. पीएनपी जोडणीत (एस/एस ० व्होल्टला, सेन्सर सिग्नलवर प्लस देतो) नुकसान होत नाही पण कामही होत नाही: आयईसी ६११३१-२ प्रमाणे २४ व्होल्टच्या टाइप १ इनपुटला ‘१’ कळायला किमान १५ व्होल्ट लागतात, टाइप ३ ला ११, आणि ५ व्होल्टपर्यंतचं सगळं ‘०’ धरलं जातं. तुमचा ५ व्होल्टचा ‘हाय’ हा पीएलसीचा शून्य आहे.

जोडणी निवडण्याआधी एक गोष्ट ठरवा: वायर तुटली तर मशिनने काय करायचं? लिमिटच्या बाबतीत उत्तर एकच आहे, थांबायचं. म्हणून स्लाइड मध्ये असताना, सगळं ठीक असताना, लिमिटच्या सर्किटमध्ये करंट वाहत असला पाहिजे आणि टोकाला पोचल्यावर तो तुटला पाहिजे. मग वायर तुटो, कनेक्टर निसटो, सेन्सरचा सप्लाय जावो की एलईडी जळो, पीएलसीला ‘लिमिट लागली’ असंच दिसतं. होमसाठी हा आग्रह नाही. तो सिग्नल आला नाही तर फार तर होमिंग पूर्ण होत नाही. पुढचे सगळे पर्याय मी याच निकषावर तोलतो आहे.

पुल-अप काढून टाकणे हा सगळ्यात स्वस्त पर्याय. बोर्ड उघडता येत असेल, ट्रान्झिस्टर किमान ३० व्होल्ट सहन करणारा असेल आणि ७-८ मिलिअँप आरामात ओढत असेल तर तो रेझिस्टर उचला, ५ व्होल्टच्या सप्लायचं ग्राउंड आणि २४ चं ० व्होल्ट एकत्र करा, काम झालं. पण ‘असेल’ तीनदा आलं आहे. पार्ट नंबर वाचता येत नसेल तर हा रस्ता सोडा. नुसता फोटोट्रान्झिस्टर असेल, पुढे अॅम्प्लिफायर नसेल, तर तो एक-दोन मिलिअँपच्या वर बहुधा जाणारच नाही आणि इनपुट मध्येच लटकेल.

ऑप्टोकपलर हा नेहमीचा पर्याय, आणि तुम्ही रिलेचं विचारलं आहे त्याऐवजी हेच वापरा. रिलेचा कॉन्टॅक्ट नाचतो, मिलिसेकंद खातो, आणि होमसारख्या सिग्नलला ती वेळ दरवेळी सारखी नसते. बाजारात डिन रेलवर बसणारे ५ व्होल्ट इनपुट, २४ व्होल्ट आउटपुटचे मॉड्यूल मिळतात. घ्या आणि लावा. स्वतः बनवायचं असेल तर पीसी८१७ चालतो, मात्र हिशेब करून. त्याच्या एलईडीवर सुमारे १.२ व्होल्ट पडतात. ६८० ओहम लावला तर ५.६ मिलिअँप वाहतात. साध्या ग्रेडचा किमान सीटीआर (एलईडीच्या करंटच्या किती टक्के करंट बाहेरच्या बाजूला मिळतो ते प्रमाण) ५० टक्के, म्हणजे बाहेरच्या बाजूला वाईटात वाईट २.८ मिलिअँप. एफएक्स३यूला ३.५ हवेत. नवा असताना बहुतेक तुकडे यापेक्षा बरेच चांगले निघतात म्हणून चालून जातं, आणि वर्षांनी सीटीआर घसरला की इनपुट अधूनमधून गळायला लागतो. किमान २०० टक्क्यांचा सी ग्रेड घ्या. ऑप्टोचा एलईडी ५ व्होल्ट आणि सेन्सरचा सिग्नल यांच्यामध्ये लावा, म्हणजे सेन्सर करंट ओढतो तेव्हा तो पेटेल. पुल-अप तिथेच राहिला तरी त्रास नाही. दोन्ही बाजूंची ग्राउंड एकत्र करायचीही गरज नाही.

पण इथे निकष आठवा. तुमचा सेन्सर पत्री आत असताना करंट ओढतो की बाहेर असताना? बाहेर असताना, म्हणजे उजेड पोचतो तेव्हा ओढत असेल, तर उत्तम. पत्री आल्यावर ओढत असेल तर वायर तुटल्यावर पीएलसीला ‘सगळं ठीक’ दिसत राहील. प्रोग्राममध्ये कॉन्टॅक्ट उलटा घेऊन हे सुधारत नाही, कारण तुटलेली वायर आणि मोकळी स्लाइड दोन्हींत इनपुट ऑफच असतो. अशा वेळी पत्रीचा आकार उलटा करतात: प्रवासभर स्लॉट झाकणारी लांब पट्टी आणि टोकाला मोकळी जागा. छोट्या स्ट्रोकला जमतं, ४०० मिमीच्या स्लाइडवर कटकट आहे.

पुश-पुल आउटपुट निघाला तर यूएलएन२८०३ सरळ बसतो. आठ चॅनेल, ५० व्होल्ट सहन करणारे, इनपुटला ५ व्होल्टचं लॉजिक चालतं, आउटपुट ओपन कलेक्टर, म्हणजे फक्त ० व्होल्टला ओढणारा. वायर तुटली की त्याचा इनपुट शून्यावर जातो आणि आउटपुट सुटतो. म्हणजे मोकळी स्लाइड म्हणजे ‘हाय’ असेल तर निकषही पाळला जातो. यात मात्र ग्राउंड एकत्र हवंच.

पीएनपी इनपुटच्या पीएलसीला एनपीएन सेन्सर लावताना इनपुटवर २.२ किलोओहमचा पुल-अप टाकायची एक युक्ती सर्रास सांगितली जाते. सीमेन्सच्या एस७-१२०० सारख्या ४ मिलिअँपच्या इनपुटवर १७-१८ व्होल्ट मिळतात, चालतं. पण लॉजिक उलटं होतं. सेन्सर एनओ (एरवी आउटपुट ऑफ, टोकाला ऑन) असेल तर तुटलेली सिग्नल वायर म्हणजे इनपुट कायम ऑन, म्हणजे कायम ‘ठीक’. एनसी (एरवी ऑन, टोकाला ऑफ) घेतला तर हे भोक बुजतं, पण रेझिस्टर आणि पीएलसी यांच्यातली वायर सुटली की पुन्हा तेच. होमला वापरा, लिमिटला नको.

माझा कौल विचाराल तर यापैकी काहीच करू नका. तीन सेन्सर बदला. स्लाइडवर मूळच्याच भोकांत बसणारे ५ ते २४ व्होल्टचे एनपीएन स्लॉट सेन्सर मिळतात. ओमरॉनच्या ईई-एसएक्स६७ मालिकेत ‘एल’ नावाचं टर्मिनल आहे. ते प्लसला जोडलं की उजेडात ऑन, मोकळं सोडलं की अंधारात ऑन. लिमिटच्या दोघांना एल प्लसला जोडा. पत्री आली, धूळ बसली, वायर तुटली, सगळ्यात आउटपुट सुटतो आणि मशिन थांबतं. धुळीने थांबणं त्रासाचं आहे, पण तो त्रास परवडतो.

आता खरी अडचण. तुमची ड्रिलिंगची एसपीएम आहे. कूलंट उडणार, बारीक चिप्स उडणार. मूळ मशिन बहुधा स्वच्छ जागेतलं असावं, तिथे उघडे स्लॉट सेन्सर शोभतात. स्लाइडवर घट्ट बेलोज (घड्यांचं आवरण) नसतील तर इंडक्टिव्ह प्रॉक्सी (धातू जवळ आला की ओळखणारा सेन्सर) लावा: एम८ किंवा एम१२, तीन वायरची, एनसी. तपकिरी प्लस, निळी मायनस, काळी आउटपुट हे रंग ठरलेले आहेत. मात्र एनसी फक्त पांढऱ्या वायरवर देणाऱ्या चार पिनच्या प्रॉक्सीही येतात, तेव्हा लेबल पाहा. डॉग (प्रॉक्सीसमोर येणारा धातूचा तुकडा) लोखंडाचाच ठेवा. २ मिमी रेंजच्या फ्लश प्रॉक्सीची खात्रीची रेंज ८१ टक्के, म्हणजे १.६ मिमी, तीही माइल्ड स्टीलसाठी. अॅल्युमिनियमचा डॉग लावला तर त्याच्याही चाळीस टक्क्यांच्या आसपास खाली येते. दोन वायरची प्रॉक्सी नको. बंद असतानाही तिच्यातून प्रमाणानुसार दीड मिलिअँपपर्यंत करंट झिरपू शकतो आणि तुमच्या इनपुटची ऑफची मर्यादा नेमकी तेवढीच आहे.

एनपीएन की पीएनपी? इतर सेन्सर अजून घेतले नसतील तर पीएनपी घ्या. कारण सांगतो. २४ व्होल्टचं ० व्होल्ट पॅनेलमध्ये अर्थिंगला जोडलेलं असतं, असावंच. ड्रॅग चेनमध्ये (हलत्या केबल नेणाऱ्या साखळीत) सिग्नल वायरचं इन्सुलेशन घासून ती बॉडीला टेकली, तर एनपीएन जोडणीत इनपुट ऑन होतो आणि एनसी लिमिट कायमची ‘ठीक’ दिसू लागते. वायर तुटण्यापासून तुम्ही वाचलात, पण टेकण्यापासून नाही. पीएनपीत वायर बॉडीला टेकली तर इनपुट खाली जातो, सेन्सरचं शॉर्ट संरक्षण काम करतं किंवा फ्यूज उडतो, मशिन थांबतं. ड्रॅग चेनमधल्या केबलचं भवितव्य आपण सगळेच जाणतो. एफएक्स३यूच्या बेस युनिटवरचे सगळे इनपुट एकाच एस/एसवर असतात, त्यामुळे अर्धे एनपीएन, अर्धे पीएनपी असं बेसवर करता येत नाही. एस/एस ० व्होल्टला नेलं की सगळेच पीएनपी. मॅन्युअलमधल्या सिंक-सोर्स शब्दांच्या फार मागे लागू नका, वेगवेगळे उत्पादक ते उलटसुलट वापरतात. कागदावर करंटचा बाण काढा, तो खोटं बोलत नाही.

ड्राइव्ह की पीएलसी? दोन्ही, पण आधी ड्राइव्ह. समजा रॅपिड (काम न करता नुसतं सरकण्याचा जलद वेग) १५ मीटर प्रति मिनिट, म्हणजे सेकंदाला २५० मिमी. एफएक्स३यूचा इनपुट फिल्टर मुळात १० मिलिसेकंदांचा (डी८०२० रजिस्टरमध्ये), वर स्कॅनचे (प्रोग्रामच्या एका फेरीचे) ५ धरा. पीएलसीला कळेपर्यंत स्लाइड पावणेचार मिमी पुढे गेलेली असते. मग २.५ मीटर प्रति सेकंद वर्ग दराने थांबायला आणखी साडेबारा. एकूण १६ मिमी, आणि हे प्रोग्राम धावतो आहे असं धरून. पीएलसी स्टॉपमध्ये गेला किंवा पल्स आउटपुट बिघडला तर पीएलसीतल्या लिमिटचा काय उपयोग? ड्राइव्हला स्वतःचे इनपुट असतात, मित्सुबिशीत एलएसपी आणि एलएसएन, इतरांत पीओटी-एनओटी वगैरे नावांनी, आणि ते मुळातच एनसी धरलेले असतात. मित्सुबिशीच्या एमआर-जे४ ड्राइव्हवर सुरुवातीला मोटर हलवून पाहण्यासाठी पीडी०१ पॅरामीटरने हे दोन्ही आतूनच ऑन करून ठेवतात आणि तसंच राहून जातं. वायरिंग तपासण्याआधी तो पॅरामीटर पाहा.

एकाच सेन्सरची काळी वायर दोन्हीकडे नेता येते, बारा-पंधरा मिलिअँप प्रॉक्सीला काहीच नाहीत. मात्र ड्राइव्हचे इनपुट आणि पीएलसीचे इनपुट एकाच एसएमपीएसवर (२४ व्होल्टच्या सप्लायवर) ठेवा. वेगळे असले आणि एक बंद झाला तर एका इनपुटमधून दुसऱ्यात करंट शिरतो आणि भुताटकीसारखे इनपुट लागतात. पीएलसीत वाय० या पल्स आउटपुटवरच्या अक्षासाठी फॉरवर्ड लिमिट एम८३४३ आणि रिव्हर्स एम८३४४ आहे. इनपुट एनसी असल्यामुळे ते एलडीआयने (प्रोग्राममधल्या उलट्या कॉन्टॅक्टने) चालवा.

वरच्या १६ मिमीचा मेकॅनिकल अर्थही लक्षात घ्या. सेन्सर लागल्यापासून रबरी स्टॉपरपर्यंत तेवढी जागा हवी, आणि डॉग इतका लांब हवा की स्लाइड स्टॉपरला टेकली तरी सेन्सर झाकलेलाच राहील. १० मिमीचा सुबक डॉग लावलेला असतो, स्लाइड तो ओलांडून पुढे जाते, सेन्सर पुन्हा मोकळा होतो आणि पीएलसी त्याच दिशेला जायची परवानगी देतो. कितीही चांगलं वायरिंग यावर उपाय नाही.

होमबद्दल: सर्व्हो आली आहे तर सेन्सरच्या काठावर होम घेऊ नका, डॉग सुटल्यावरच्या पहिल्या झेड पल्सवर (मोटरच्या प्रत्येक फेऱ्यात एकदाच येणाऱ्या सिग्नलवर) घ्या. मग सेन्सरची अचूकता बिनमहत्त्वाची होते. अट एकच, डॉग सुटण्याचा क्षण आणि झेड पल्स जवळजवळ नसावेत. ५ मिमी पिचच्या स्क्रूला सरळ कपलिंगने मोटर जोडली असेल आणि काठ नेमका झेडपाशी पडला, तर होम कधी बरोबर येतं, कधी अख्खे ५ मिमी सरकतं, आणि दोष नॉइजला दिला जातो. ड्राइव्हच्या मॉनिटरवर एका फेऱ्यातली पोझिशन दिसते. डॉग सुटतो त्या क्षणी ती अर्ध्या फेऱ्याच्या आसपास येईल असा डॉग दोन-अडीच मिमी सरकवा.

नॉइज असतो, नाही असं नाही. मोटरची पॉवर केबल शिल्डेड घ्या, शिल्ड दोन्ही टोकांना क्लॅम्पने पूर्ण गोल पकडा, सेन्सरची केबल तिच्यापासून वीसेक सेंटीमीटर लांब ठेवा, ओलांडायचीच असेल तर काटकोनात. फिल्टर वाढवणं हा शेवटचा उपाय, कारण प्रत्येक मिलिसेकंद थांबण्याच्या अंतरात जमा होतो.

चालू करताना स्लाइड मध्यावर आणा, वेग अगदी कमी ठेवा, फॉरवर्ड जॉग (बटण दाबलेलं असेपर्यंतची हालचाल) द्या आणि चालू असतानाच फॉरवर्डच्या प्रॉक्सीसमोर लांब दांड्याचा स्क्रूड्रायव्हर धरा. थांबली पाहिजे, आणि रिव्हर्स जायला मोकळी असली पाहिजे. न थांबता पुढे गेली तर दोन लिमिटच्या वायरी अदलाबदल झाल्या आहेत किंवा मोटरची दिशा उलटी आहे. मग हेच रिव्हर्सला. त्यानंतर जॉग चालू असताना सगळ्या सेन्सरांचा सामायिक कनेक्टर उपटा. दोन्ही लिमिट एकदम लागल्या पाहिजेत. हे रॅपिडवर पहिल्यांदा करून पाहू नका.

आणि स्लाइड उभी असेल, किंवा टोकाजवळ ऑपरेटरचा हात जात असेल, तर वरच्या कशालाही सुरक्षा समजू नका. साधी प्रॉक्सी आणि साधा पीएलसी इनपुट हे मशिन वाचवण्यासाठी आहेत. माणसासाठी वेगळा, पॉझिटिव्ह ओपनिंगचा मेकॅनिकल लिमिट स्विच (अंगावर गोलात बाणाची खूण असलेला) लिमिटच्याही पुढे बसवून सेफ्टी रिलेच्या सर्किटमध्ये घ्या, आणि उभ्या अक्षाला ब्रेकची मोटर लावा.